द्रोग्बाने युद्ध थांबवलं का?

फुटबॉल आणि राजकारण असा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आयव्हरी कोस्टमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. त्यांचा स्टार फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बा टीव्ही कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि लढणाऱ्यांना म्हणाला, शस्त्रं खाली ठेवा. आठवड्याभरात युद्ध थांबलं. दर वर्ल्ड कपला ही गोष्ट नव्याने फिरते आणि दर वेळी थोडी आणखी रंगते.

तो गुडघ्यांवर बसला हे खरं आहे. त्याचं चित्रीकरण आहे, तारीखही माहीत आहे. आठवड्याभरात युद्ध थांबलं हे मात्र खरं नाही. मला ही गोष्ट खोडून काढायची आहे असं समजू नका. उलट या सुटसुटीत गोष्टीमुळे द्रोग्बाने खरोखर जे केलं ते झाकलं जातं, याची मला खंत वाटते. त्याने जे केलं ते समजून घ्यायचं तर त्याचा देश कशावरून फुटला होता, हे आधी पाहायला हवं. बंदुका नंतर निघाल्या. भांडणाची सुरुवात झाली ती एका प्रश्नावरून: या देशाचा खरा नागरिक कोण?

कसेल त्याची जमीन

आयव्हरी कोस्ट पश्चिम आफ्रिकेत, समुद्रकाठी, घाना आणि लायबेरियाच्या मधे आहे. दक्षिणेत पाऊस आणि जंगल, तिथे कोको पिकतो. जगात सगळ्यात जास्त कोको याच देशात होतो. उत्तर कोरडी, तिथे कापूस आणि काजू. (हा काजू आपल्या ओळखीचा आहे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या काजू कारखान्यांत पश्चिम आफ्रिकेतून आलेली कच्ची काजू बी फोडली जाते, आणि तिच्यामुळे आपल्या बागायतदारांचा भाव पडतो ही तक्रारही जुनीच.) दक्षिणेत ख्रिश्चन आणि पारंपरिक श्रद्धा मानणारे जास्त, उत्तरेत मुसलमान जास्त. पण म्हणून हे धर्माचं युद्ध होतं असं म्हणणं उथळपणाचं होईल. मुळाशी जमीन होती आणि मतदार यादी होती.

१९६० साली देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि पुढची तेहेतीस वर्षं फेलिक्स उफुए-ब्वान्यी हे एकटेच राष्ट्राध्यक्ष राहिले. कोकोच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून त्यांनी दारं उघडी ठेवली. उत्तरेकडचे शेतकरी दक्षिणेत उतरले. शेजारच्या बुर्किना फासो आणि मालीतून लाखो मजूर आले. सरकारचं धोरण सरळ होतं: कसेल त्याची जमीन. माणसं आली, जंगल तोडून मळे केले, तिथेच राहिली, तिथेच त्यांची मुलं झाली. १९९८ च्या जनगणनेत देशातल्या साधारण दर चार माणसांतला एक परदेशी म्हणून नोंदला गेला. त्यातल्या कितीतरी जणांचा जन्म याच देशातला होता.

कोकोला भाव होता तोवर हे सगळं खपून गेलं. ऐंशीच्या दशकात भाव कोसळले, कर्ज वाढलं, नोकऱ्या गेल्या. शहरात काम मिळेना म्हणून तरुण गावाकडे परतले, तर वाडवडिलांची म्हणून जी जमीन त्यांना ठाऊक होती ती दुसराच कोणी कसत होता. अशात १९९३ मध्ये उफुए-ब्वान्यी वारले आणि खुर्चीसाठी दोघे समोरासमोर आले: आँरी कोनान बेदिए आणि तेव्हाचे पंतप्रधान अलासान वातारा. राष्ट्राध्यक्षपद बेदिए यांना मिळालं. वातारा उत्तरेचे, मुसलमान. बेदिए यांच्या गोटाने एक कल्पना पुढे आणली, ‘ईव्हारिते’, म्हणजे अस्सल आयव्हेरियन असणं. निवडणूक कायदा बदलला. उमेदवाराचे आईवडील दोघेही जन्माने आयव्हेरियन हवेत, अशी अट आली. वातारा मूळचे बुर्किना फासोचे, असा आरोप होत होता. त्यांचा रस्ता बंद झाला. पुढे २००० च्या राज्यघटनेतही आईवडिलांची अट घातली गेली.

भूमिपुत्र आणि उपरे ही भाषा आपल्यालाही नवी नाही, त्यामुळे पुढे काय झालं याचा अंदाज वाचकाला येईल. एका पुढाऱ्याला अडवण्यासाठी काढलेला नियम रस्त्यावर उतरला. तुरे, कोने, कुलिबाली, वातारा ही उत्तरेकडची आडनावं. नाकाबंदीवर ओळखपत्र दाखवलं आणि त्यावर असं आडनाव असलं की चौकशी, पैसे उकळणं, कधी ओळखपत्रच फाडून टाकणं. पिढ्यान्‌पिढ्या देशात राहिलेल्या माणसाला आपण इथले आहोत हे रोज सिद्ध करावं लागू लागलं.

१९९९ मध्ये लष्कराने बेदिए यांना हटवलं. २००० च्या निवडणुकीत बेदिए आणि वातारा दोघांनाही उभं राहू दिलं नाही आणि लॉरां बाग्बो राष्ट्राध्यक्ष झाले. १९ सप्टेंबर २००२ च्या पहाटे सैन्यातल्या एका गटाने बंड केलं. दक्षिणेतलं आबिदजान, देशातलं सगळ्यात मोठं शहर, त्यांच्या हाती लागलं नाही, पण उत्तरेचा अर्धा देश लागला. बुआके हे देशातलं मोठं शहर त्यांची राजधानी झालं. मधे आडवा पट्टा आखून तिथे फ्रेंच आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सैनिक बसले. वर बंडखोर, खाली सरकार.

आता ती आडनावं पुन्हा एकदा वाचा. कोलो तुरे, याया तुरे, बाकारी कोने, आरुना कोने. फुटबॉल पाहणाऱ्याला ही यादी पाठ असते, कारण हा त्या काळचा आयव्हरी कोस्टचा राष्ट्रीय संघ आहे. तुरे भाऊ तर खुद्द बुआकेचे. ज्या आडनावाच्या माणसाला नाकाबंदीवर परका ठरवलं जात होतं, त्याच आडनावाची जर्सी घालून एखादा मुलगा स्टेडियममध्ये उतरला की तेच लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. द्रोग्बाच्या नंतरच्या वागण्याची सगळी ताकद या विसंगतीत आहे.

पाच वर्षांचा मुलगा ब्रेस्टला

द्रोग्बाचा जन्म ११ मार्च १९७८ चा, आबिदजानमधला. घराणं गाग्नोआकडचं, बेते समाजाचं. राष्ट्राध्यक्ष बाग्बो हेही बेते आणि त्याच भागातले. म्हणजे देश फुटला तेव्हा द्रोग्बा जन्माने सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा होता. त्याने बंडखोरांच्या शहरात जाणं याला म्हणूनच वजन आलं.

वडील बँकेत नोकरीला. मामा-काकांपैकी एक, मिशेल गोबा, फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायचे. मुलाचं भलं होईल म्हणून पाच वर्षांच्या दिदिएला त्यांच्याकडे ब्रेस्टला धाडलं. आईवडील आबिदजानला, पोर हजारो किलोमीटर दूर, थंड आणि पावसाळी गावात. तिथे त्याला करमेना. तीनेक वर्षांनी तो घरी परतला, पण मग वडिलांची नोकरी गेली आणि त्याची पुन्हा फ्रान्सला रवानगी झाली. गोबा क्लब बदलत, तसं मुलाचं गाव आणि शाळा बदले. सुरुवातीला तो बचावफळीत, उजव्या बाजूला खेळायचा. गोबांनीच त्याला पुढे ढकललं: मागे काय करतोस, लोक गोल करणाऱ्याकडे बघतात.

१९९० च्या दशकात आईवडीलही पॅरिसच्या उपनगरात आले आणि दिदिए लेव्हालुआ नावाच्या लहान क्लबात खेळू लागला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याच काळात आबिदजानमध्ये आसेक मिमोझा या क्लबाने फ्रेंच प्रशिक्षक झाँ-मार्क गियू यांच्या देखरेखीखाली अकादमी काढली होती. मुलांना लहानपणीच निवडायचं, तिथेच ठेवायचं, शिकवायचं आणि खेळवायचं. तुरे भाऊ, झोकोरा, एबुए, जेर्व्हिन्यो, सालोमाँ कालू ही सगळी मंडळी तिथून निघाली. आयव्हरी कोस्टची सोनेरी पिढी म्हणतात ती बव्हंशी या एका अकादमीची. द्रोग्बा मात्र तिथला नव्हता. त्या पिढीचा चेहरा झालेला माणूस तिच्यात बाहेरून आला.

आणि उशिरा आला. ल माँ हा फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातला क्लब. तिथे त्याला पहिला व्यावसायिक करार मिळाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. युरोपात मोठे खेळाडू सतराव्या-अठराव्या वर्षीच मैदानात दिसतात. त्याच्या वाट्याला आधी हाडं मोडण्याच्या दुखापती आल्या. अकादमीत न घडल्यामुळे रोजच्या कसून सरावाची सवयही त्याला नव्हती. जानेवारी २००२ मध्ये पहिल्या विभागातल्या गँगाँ क्लबाने त्याला घेतलं, सुमारे ८० हजार पौंडांना. गँगाँ म्हणजे ब्रिटनी प्रांतातलं आठेक हजार वस्तीचं गाव. तिथे २००२-०३ च्या मोसमात त्याने लीगमध्ये १७ गोल केले. मग मार्सेय हा मोठा क्लब. तिथल्या एकाच मोसमात तो क्लबला युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. जुलै २००४ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबाने त्याच्यासाठी २ कोटी ४० लाख पौंड मोजले. अडीच वर्षांत ऐंशी हजारांवरून इथपर्यंत.

याच धामधुमीत त्याचं देशासाठी खेळणं सुरू झालं. पहिला सामना ८ सप्टेंबर २००२, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, ०-०. तारीख नीट पाहा. त्यानंतर अकराव्या दिवशी बंड झालं. द्रोग्बाने अखंड आयव्हरी कोस्टसाठी जेमतेम एक सामना खेळला. पुढची बरीच वर्षं तो तुटलेल्या देशाची जर्सी घालत होता.

ओमदुर्मानची ड्रेसिंग रूम

२००६ च्या वर्ल्ड कपसाठी आफ्रिकेची पात्रता फेरी चालू होती. आयव्हरी कोस्टच्या गटात कॅमेरून आणि इजिप्त. गटातला एकच संघ जाणार. सप्टेंबर २००५ मध्ये आबिदजानला कॅमेरूनने त्यांना ३-२ असं हरवलं. आयव्हरी कोस्टचे दोन्ही गोल द्रोग्बाचे, तरी हार. आता शेवटच्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, कॅमेरून एका गुणाने पुढे. कॅमेरून जिंकलं की विषय संपला.

आयव्हरी कोस्टचा सामना सुदानमध्ये, ओमदुर्मानला. तो त्यांनी ३-१ असा जिंकला. त्याच वेळी कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत, कॅमेरून आणि इजिप्त १-१ असे अडकलेले. आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत कॅमेरूनला पेनल्टी मिळाली. पिएर व्होमेने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. आयव्हरी कोस्ट इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड कपला पात्र ठरलं.

ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीचा कॅमेरा होता. खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दाटीने उभे राहिले, द्रोग्बा मधे, हातात माइक. तेव्हा तो संघाचा कर्णधारही नव्हता. त्याने देशवासीयांना हाक मारली ती दिशांची नावं घेऊन: उत्तरेच्या, दक्षिणेच्या, मध्यभागाच्या, पश्चिमेच्या स्त्री-पुरुषांनो. सगळे आयव्हेरियन एकत्र राहू शकतात, एका ध्येयासाठी एकत्र खेळू शकतात, हे आज आम्ही दाखवलं, असं तो म्हणाला. मग सगळे गुडघ्यांवर बसले. एकमेकांना माफ करा, अशी त्यांनी विनवणी केली. एवढं वैभव असलेल्या देशाने युद्धात बुडू नये. शस्त्रं ठेवा, निवडणुका घ्या.

हे सगळं मिनिटभराचं आहे. पाहताना माझं लक्ष दर वेळी शब्दांपेक्षा त्या रांगेकडे जातं. बेते घराण्यातला द्रोग्बा आणि त्याच्या आजूबाजूला उत्तरेच्या आडनावांची मुलं. कोण अस्सल आणि कोण उपरा या वादाला या खेळाडूंनी नुसतं एकत्र बसून उत्तर दिलं होतं. एखाद्या राजकीय पक्षाला ते साधलं नसतं, कारण तेव्हा पक्षच उत्तरेचे आणि दक्षिणेचे झाले होते.

चित्रफीत देशभर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. लोक भारावले. पण युद्धाचं काय? मोठी लढाई मुळात २००२ च्या अखेरीस आणि २००३ मध्येच झाली होती. जानेवारी २००३ मध्ये फ्रान्समध्ये एक करारही झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारी विमानांनी बुआकेवर बॉम्ब टाकले, त्यात नऊ फ्रेंच सैनिक मेले, आणि फ्रान्सने उलट आयव्हरी कोस्टचं हवाई दलच नष्ट केलं. त्यानंतर आघाडी जिथल्या तिथे गोठली होती. थोडक्यात, द्रोग्बा बोलला तेव्हा रोज गोळीबार होत नव्हता. देश मात्र दोन तुकड्यांत होता, आणि त्याच्या बोलण्यानंतरही तो दोन तुकड्यांतच राहिला. ज्या निवडणुका घ्या असं तो म्हणाला त्या त्याच महिन्याच्या अखेरीस व्हायच्या होत्या. त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि तशा पुढे जात जात २०१० उजाडलं.

सामना बुआकेला

शांततेची खरी बोलणी घडली बंद खोल्यांत. बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष ब्लेझ काम्पाओरे यांनी मध्यस्थी केली आणि ४ मार्च २००७ रोजी वागादुगुमध्ये करार झाला. बाग्बो राष्ट्राध्यक्षपदी राहणार, बंडखोरांचे नेते गियोम सोरो पंतप्रधान होणार, मधला पट्टा हटणार, आणि ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांना ती मिळणार. शेवटचं कलम वाचून सोडून देऊ नका. भांडण ओळखपत्रावरून सुरू झालं होतं, त्यामुळे मिटवताना ओळखपत्राचाच प्रश्न सोडवावा लागणार होता.

पण कागदावरचा करार सामान्य माणसाला कसा दिसणार? अर्धा देश अनेक वर्षं दुसऱ्या अर्ध्यात गेलेला नव्हता. द्रोग्बाची दुसरी, आणि माझ्या मते जास्त मोलाची, कामगिरी इथे येते. त्याला २००६ चा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान मिळाला होता. तो घेऊन तो मार्चमध्येच बुआकेला गेला आणि त्याने जाहीर केलं की मादागास्करविरुद्धचा आफ्रिकन कपचा (आफ्रिकेतल्या देशांच्या स्पर्धेचा) पात्रता सामना आबिदजानऐवजी बुआकेला होईल.

वरवर पाहता ही मैदान बदलल्याची बातमी आहे. पण विचार करा. राष्ट्रीय संघाने बंडखोरांच्या राजधानीत खेळायचं म्हणजे तिथे राष्ट्रगीत होणार, सरकारी अधिकारी जाणार, दक्षिणेतून प्रेक्षक आणि पत्रकार जाणार. राज्य पुन्हा त्या शहरात पाऊल ठेवणार, आणि तेही रणगाड्यावर बसून नव्हे. उत्तरेच्या लोकांना हा संघ टीव्हीवर दिसत होता; आता तो त्यांच्या गावात उतरणार होता. याया आणि कोलो तर घरीच येणार होते.

३ जून २००७ ला सामना झाला. आयव्हरी कोस्टने तो ५-० असा जिंकला, द्रोग्बानेही गोल केला. स्टेडियम तुडुंब भरलं होतं. पात्रता फेरीतला एक एकतर्फी सामना, पण त्या देशात आजही लोक त्याची तारीख सांगतात.

आणि तरीही, याच महिन्याच्या २९ तारखेला, त्याच बुआकेच्या विमानतळावर पंतप्रधान सोरो यांच्या विमानावर रॉकेटं डागली गेली. सोरो वाचले, विमानातले चौघे मेले. पाच गोल आणि रॉकेटं, दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात. दंतकथेत दुसरा भाग कधी येत नाही, पण तो ठेवला नाही तर पहिल्या भागाला किती धाडस लागलं असेल हे कळतच नाही. जुलैअखेर बुआकेला शांततेची ज्योत पेटवून शस्त्रं जाळण्यात आली. बाग्बो स्वतः त्या समारंभाला गेले.

लिब्रव्हिल आणि म्युनिक

खेळाडू म्हणून द्रोग्बा काय होता, हेही सांगायला हवं, नाहीतर त्याच्या शब्दाला एवढी किंमत का आली ते उमगणार नाही. चेल्सीत प्रशिक्षक जोसे मुरिन्यो एकच स्ट्रायकर, म्हणजे आघाडीचा खेळाडू, खेळवायचे. अशा संघात त्या एकट्याचं काम फक्त गोल करणं नसतं. मागून लांब चेंडू येतो. स्ट्रायकरची पाठ गोलकडे, पाठीवर बचावपटू रेलून उभा. चेंडू छातीवर किंवा पायावर अडवायचा, धक्का सोसायचा, दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा, तोवर मागून लँपार्डसारखे धावत येतात. मग त्यांना द्यायचा, नाहीतर स्वतः वळून मारायचा. त्या दोन-तीन सेकंदांवर चेल्सीचा अख्खा डाव उभा असायचा, आणि ते सेकंद मिळवून देण्यात त्या काळात द्रोग्बाला तोड नव्हती. चेल्सीला पन्नास वर्षांनी लीगचं विजेतेपद मिळालं ते त्याच्या पहिल्याच मोसमात. पुढे आणखी तीन मिळाली. २००९-१० मध्ये त्याने लीगमध्ये २९ गोल केले. एफए कप या इंग्लंडच्या चषक स्पर्धेच्या चार वेगवेगळ्या अंतिम सामन्यांत त्याचा गोल आहे. चेल्सीसाठी एकूण ३८१ सामने, १६४ गोल.

देशासाठी १०५ सामन्यांत ६५ गोल, पण आफ्रिकन कप त्याला कधीच मिळाला नाही. २००६ चा अंतिम सामना कैरोला, यजमान इजिप्तशी. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी गोलरक्षक एल हदारीने अडवली. मग फेब्रुवारी २०१२, गाबोनमधलं लिब्रव्हिल, समोर झांबिया. आयव्हरी कोस्टने पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. सत्तराव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. द्रोग्बाने ती गोलवरून हवेत मारली. सामना ०-० राहिला आणि शूटआउटमध्ये झांबिया ८-७ असं जिंकलं.

तीन महिन्यांनी, १९ मे २०१२ ला, चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना म्युनिकमध्ये होता. समोर तिथलाच बायर्न क्लब, आपल्याच मैदानावर. ८३ व्या मिनिटाला बायर्नच्या म्युलरने गोल केला. सगळं संपल्यासारखं वाटलं. ८८ व्या मिनिटाला चेल्सीला सामन्यातला त्यांचा पहिला कॉर्नर मिळाला. माताने तो जवळच्या खांबाकडे मारला. द्रोग्बा बचावपटूच्या पुढे सरकला आणि त्याने मान फिरवून चेंडू असा हाणला की गोलरक्षक नॉयरचा हात लागूनही तो आत गेला. जादा वेळेत त्यानेच रिबेरीला पाडलं आणि बायर्नला पेनल्टी दिली. चेल्सीचा गोलरक्षक चेकने रॉबेनची ती पेनल्टी अडवली. शूटआउटमधली शेवटची पेनल्टी द्रोग्बाकडे आली. लिब्रव्हिल अजून ताजं होतं. अगदी थोडं अंतर धावून त्याने शांतपणे चेंडू एका कोपऱ्यात टाकला, नॉयर दुसरीकडे झेपावला. चेल्सीचं ते पहिलं चॅम्पियन्स लीग विजेतेपद.

त्यानंतर चीन, तुर्कस्तान, पुन्हा एक मोसम चेल्सी, कॅनडा, अमेरिका, आणि २०१८ मध्ये चाळिसाव्या वर्षी निवृत्ती. देशासाठी खेळणं त्याने २०१४ मध्येच थांबवलं होतं. पुढच्याच वर्षी आयव्हरी कोस्टने आफ्रिकन कप जिंकला, घानाविरुद्ध, पुन्हा शूटआउटमध्ये. तो चषक याया तुरेने उचलला.

पुन्हा बंदुका

लांबलेली निवडणूक अखेर २०१० मध्ये झाली. २८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत बाग्बो विरुद्ध वातारा. निवडणूक आयोगाने वातारा जिंकल्याचं जाहीर केलं. घटना परिषदेने उत्तरेकडच्या सात विभागांतली मतं रद्द केली आणि बाग्बो यांना विजयी ठरवलं. रद्द झालेल्या मतांत बुआकेची मतं होती. सामना बघायला आलेल्या त्या शहराचं मत मोजायचंच नाही, असा तो निर्णय होता. कोण अस्सल आणि कोण उपरा, हा प्रश्न जिथून निघाला तिथेच पुन्हा येऊन उभा राहिला.

दोघांनीही राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. पुढच्या चार-पाच महिन्यांत सुमारे तीन हजार माणसं मेली. क्रौर्य दोन्ही बाजूंनी झालं. ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो आबिदजानमध्ये पकडले गेले. २००५ ची चित्रफीत दाखवून युद्ध थांबवल्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी या तीन हजारांची आठवण ठेवायला हवी. खेळाडू लोकांना एका संध्याकाळपुरतं एकत्र आणू शकतो, त्यांना एकमेकांचा चेहरा दाखवू शकतो. मतदार याद्या, जमिनीचे सातबारे, सैन्यातल्या नेमणुका त्याच्या हातात नसतात.

द्रोग्बाला हे कळत होतं असं मला वाटतं, कारण यानंतर तो भाषणावर थांबला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, माजी पंतप्रधान शार्ल कोनान बानी यांच्या अध्यक्षतेखाली. अकरा सदस्यांत परदेशस्थ आयव्हेरियनांचा प्रतिनिधी म्हणून द्रोग्बा होता. चेल्सीचा स्ट्रायकर आणि आयोगाचा सदस्य, दोन्ही एकाच वेळी. त्या आयोगावर पुढे बरीच टीका झाली. खटले चालले ते मुख्यतः हरलेल्या बाजूवर, आणि आयोगाच्या शिफारशींतून फारसं काही निघालं नाही. बाग्बो यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष सोडलं. २०२१ मध्ये ते मायदेशी परतले.

२०२२ मध्ये द्रोग्बा देशाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. रस्त्यावर मतदान घेतलं असतं तर निकाल एकच लागला असता. पण महासंघात मत जनतेला नसतं. ते क्लबांना असतं, शिवाय खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांच्या संघटनांना. त्या वर्तुळात वर्षानुवर्षं राहून कोणाचं काय अडलंय हे ठाऊक असलेले उमेदवार त्याच्यासमोर होते. पहिल्या फेरीत तो तिसरा आला आणि बाहेर पडला. अध्यक्ष झाले इद्रिस दियालो. २०२४ च्या सुरुवातीला आयव्हरी कोस्टने आफ्रिकन कपचं यजमानपद भूषवलं आणि तो जिंकलाही, आणि स्पर्धेच्या मैदानांत नव्याने बांधून मोठं केलेलं बुआकेचं स्टेडियम होतं.